पोट बिघडले? आधी कारण विचारा



घरात दुसरे कोणतेही औषध नसले तरी पोटाचे औषध असतेच. कोणाकडे ओव्याची बाटली, कोणाच्या अंगणात आयापानाचे झुडूप, तर कोणाच्या कपाटात चिनी दुकानातून आणलेली बारीक गोळ्यांची कुपी. आपल्या मॉरिशस बेटावर ही तिन्ही कधी कधी एकाच घरात सापडतात. ओवा आपल्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरातला. आयापाना मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण आता येथील तिझानमध्ये पुरते मुरलेले. आणि ती कुपी आपल्या चिनी शेजाऱ्यांची.

पहिल्या दोन औषधांविषयी आपल्या आजी-आजोबांनी काही ना काही सांगून ठेवले आहे. तिसऱ्याविषयी मात्र आपण फारसे विचारीत नाही. कोणी डोळे मिटून गोळ्या गिळतो, तर कोणी 'चिनी झाडपाला' म्हणून हसतो. ती कुपी कोणत्या पोटदुखीसाठी आहे आणि तिच्यात काय आहे, हे दोघेही विचारीत नाहीत. पोटाच्या बाबतीत हा प्रश्न न विचारणे लहान मुलाच्या आणि वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आज या औषधांची थोडी ओळख करून घेऊ.

शेजाऱ्याचे दुकान

आपल्या बेटावरील चिनी कुटुंबे बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेली आहेत. मेईश्यान भागातून आलेले ते हाक्का. नानहाय आणि शुंडे भागांतून आलेले ते कँटनीज. उसाच्या मळ्यांच्या गावांतून त्यांनी दुकाने घातली. 'लाबुतिक सिनवा'मध्ये तांदूळ, तेल, खारवलेले मासे मिळत, आणि मजुरीचा दिवस येईपर्यंत सारा हिशेब कार्नेवर मांडला जाई. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांचे संसार त्या कार्नेवर चालले.

त्यांची औषधे पाहावयाची तर पोर्ट लुईच्या चायनाटाऊनमध्ये जावे. तेथे वाळलेली साले, मुळ्या, बिया दिसतात. त्यांतील बऱ्याच वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत, फक्त नावे निराळी आहेत. मी खाली मांडारिन भाषेतील नावे दिली आहेत. दुकानदार हाक्का किंवा कँटनीज बोलणारा असेल तर त्याचा उच्चार वेगळा असेल. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये, वस्तू ओळखून घ्यावी.

वेढ्यातून सुटलेल्या शहराची गोष्ट

चिनी वैद्यकात पचनाचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून ली तुंग-युआन (इ.स. ११८०–१२५१) यांचे नाव घेतात. इ.स. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने कायफेंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात असंख्य माणसे आजारी पडून मेली. वैद्यांनी तो बाहेरून आलेल्या थंडीचा ज्वर मानला आणि घाम काढणारी व जुलाब देणारी औषधे दिली. ली यांनी मात्र निराळेच सांगितले. ही माणसे उपासमार, काळजी आणि श्रम यांनी आतून खचली आहेत. त्यांची पचनशक्तीच ढासळली आहे. त्यांना जुलाब देणे म्हणजे मारणे होय. पुढे त्यांनी 'पी-वेई लुन' हा ग्रंथ लिहिला. त्याचा विषयच प्लीहा आणि जठर.

येथे एक खुलासा करावयास हवा. चिनी वैद्य 'प्लीहा' म्हणतो तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकात डाव्या बरगडीखाली दाखविलेला अवयव एवढाच अर्थ त्याला अभिप्रेत नसतो. अन्नाचे बळात रूपांतर करणारी शक्ती असा त्याचा अर्थ असतो. आपले वैद्य ज्याला जठराग्नी म्हणतात, त्याच्या जवळपासची ही कल्पना आहे.

कायफेंगच्या या गोष्टीत चिनी पोटवैद्यकाचे सार आहे. दोन माणसांचे पोट बिघडले म्हणून दोघांना एकच औषध देता येत नाही. म्हणून वैद्य आधी प्रश्न विचारतो: काय खाल्ले? ढेकर आंबट येतात का? पोटावर गरम पिशवी ठेवली तर बरे वाटते की नको वाटते? पोट दाबले तर सुख वाटते की दुखते? शौच पाण्यासारखे आहे की जळजळणारे? दुखणे आजचे आहे की तीन महिन्यांचे? मग जीभ पाहतो, नाडी पाहतो, आणि शेवटी औषध सांगतो.

चार प्रकारचे बिघडलेले पोट

पहिला प्रकार अन्न तुंबण्याचा. गणेशचतुर्थीच्या दिवशी अकरावा मोदक खाल्ल्यावर काय होते हे मी सांगावयास नको. पोट फुगते, ढेकर येतात, जेवणाचे नाव नको वाटते. यासाठी चीनमध्ये तीन वस्तू एकत्र देतात: शानझा हे लाल आंबट फळ, माय-या म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि शेनचू म्हणजे गव्हाचे पीठ व काही वनस्पती आंबवून केलेल्या वड्या. तिन्ही खरपूस भाजून घेतात. मांस जड झाले तर शानझा, भात-धान्य जड झाले तर जव, असा त्यांचा हिशेब आहे. पिठाचे पदार्थ बाधले तर मुळ्याचे बी देतात. शानझाच्या पातळ लाल चकत्या चिनी दुकानांत मुलांचा खाऊ म्हणून मिळतात. पुष्कळ मुलांना ते मुळात पोटाचे औषध आहे हे माहीतही नसते.

चू तान-शी (१२८१–१३५८) या वैद्यांनी शानझा, शेनचू, मुळ्याचे बी, संत्र्याची साल आणि आणखी तीन वस्तू घेऊन एक गोळी सांगितली. तिचे नाव 'बाओ-हे वान', म्हणजे मेळ राखणारी गोळी. साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती आजही विकली जाते. यातील साल म्हणजे 'चेनपी'. ग्वांगडोंगमधील शिनहुई गावची साल सर्वांत चांगली मानतात, आणि निदान तीन वर्षे मुरल्याखेरीज तिला खरी चेनपी म्हणत नाहीत. आपल्याकडे जुन्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड पोटाला बरी म्हणतात, त्याचीच येथे आठवण होते.

दुसरा प्रकार थंडीचा. पोटात कळ येते, पण ऊब दिली की बरे वाटते. शौच पातळ, तोंडाला पाणी सुटते. येथे राज्य आल्याचे. आपल्याप्रमाणेच चिनी वैद्यही आले आणि सुंठ ही दोन निराळी औषधे मानतात. ओकारी थांबवावयास ताजे आले, आतला गारठा घालवावयास सुंठ. रसायनशास्त्रही या भेदाला दुजोरा देते. ताज्या आल्यात जिंजेरॉल नावाची द्रव्ये असतात. आले वाळले की त्यांतील काहींचे शोगाओल बनते, आणि ते अधिक तिखट असते. गरोदरपणातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो हे आधुनिक चाचण्यांतही दिसून आले आहे.

तिसरा प्रकार दमट उन्हाळ्याचा. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत हवा जड होते, डोके भणभणते, मळमळते, उलटी-जुलाब एकदम सुरू होतात. यासाठी 'ह्वोश्यांग झेंग-ची' हे प्रसिद्ध औषध आहे. सोंग राजवटीत इ.स. १०७६ मध्ये राजधानी कायफेंगमध्ये सरकारी औषधालय उघडले गेले, आणि त्या औषधालयाच्या पाठग्रंथात हे औषध आले. त्यात ह्वोश्यांग म्हणजे पाचोलीच्या जातीची सुगंधी वनस्पती असते. त्याबरोबर संत्र्याची साल, आले, जेष्ठमध असतात. आणि सुपारीच्या फळाचे वरचे टरफलही असते! विड्यासाठी सुपारी कातरून टरफल फेकणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटेल.

चौथा प्रकार उष्णतेचा. ताप, पोटात मुरडा, जळजळीत दुर्गंधी शौच. यासाठी हुआंगल्यान नावाची पिवळीजर्द, अतिशय कडू मुळी देतात. हिच्याविषयी पुढे सांगते.

याखेरीज दीर्घकाळ अशक्त राहिलेले पोट असते. चार घास जास्त झाले की जुलाब, अंगात त्राण नाही. अशा माणसाला चिनी वैद्य जोराचे औषध देत नाही. तो जिनसेंग मुळी, कमळाचे बी, रताळ्यासारखा एक कंद आणि पांढरे वाल देतो. होय, आपले वाल! भाताची पातळ पेज तर चिनी घरातही आजाऱ्याचे पहिले अन्न आहे. आपल्या घरातही दुसरे काय देतात?

हिरड्याचा प्रवास

आता थोडे इतिहासाकडे वळू. चिनी औषधांची पेटी केवळ चीनमध्येच भरलेली नाही. इ.स. ६५९ मध्ये तांग राजवटीने औषधींचा सरकारी ग्रंथ करविला. त्यात 'हेलीले' नावाचे फळ आहे. हे नाव मोठ्याने म्हणून पाहा, आणि मग 'हरीतकी' म्हणून पाहा. तो आपला हिरडा! भारतातून आणि इराणच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून फिरत फिरत ते नाव तेथे पोचले. बाळगुटीत आजी हिरडा उगाळते तो पोट साफ व्हावे म्हणून. चिनी वैद्य तोच हिरडा भाजून जुने जुलाब थांबविण्यासाठी देतो. फळ एक, पण तयार करण्याची रीत बदलली की काम बदलते.

बाळगुटीतील दुसरी वस्तू जायफळ. पहाटे उठताच जुलाब होण्याची खोड जडलेल्या वृद्धांना चीनमध्ये चार वस्तूंची गोळी देतात, तिच्यात जायफळ आणि बावची असतात. हिमालयातील कोष्ठ ही सुगंधी मुळी तेथे 'मू-श्यांग' या नावाने मुरड्यावर चालते. आणि बद्धकोष्ठावरील सोनामुखीला चिनी भाषेत 'परदेशी रेचक पान' अशा अर्थाचे नाव आहे, कारण ती भारताकडून आणि मिसरकडून येत असे. ली शी-झेन यांचा 'बेनचाओ गांगमू' हा महाग्रंथ १५९६ मध्ये छापला गेला. त्यात १,८९२ द्रव्ये आहेत, आणि समुद्रापलीकडून आलेली कितीतरी त्यांत बसली आहेत. आपल्या बेटावर जशी माणसे तीन दिशांनी आली, तशी त्या पेटीत औषधे आली.

प्रयोगशाळा काय म्हणते

जुने आहे म्हणून खरे, असे शाळेत कोणी उत्तर लिहिले तर मी गुण देणार नाही. आणि जुने आहे म्हणून खोटे, या उत्तरालाही नाही. तपासून पाहावे लागते.

हुआंगल्यानमधील पिवळे द्रव्य म्हणजे बर्बेरीन. आपल्या दारुहळदीतही तेच असते. १९८७ मध्ये बांगलादेशातील रुग्णांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका विशिष्ट जातीच्या ई. कोलाय जंतूने झालेल्या जुलाबात बर्बेरीनने शौचाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. कॉलऱ्यात मात्र त्याचा फारसा प्रभाव पडला नाही. म्हणजे प्रयोगशाळाही चिनी वैद्याप्रमाणेच विचारते: कोणता जुलाब?

भाजलेल्या जवाचे उदाहरण याच्या उलट आहे. मोड आलेल्या जवात पिठूळ अन्न पचविणारे द्रव्य असते, हे खरे. पण ते उष्णतेने नाश पावते, आणि वैद्य तर जव भाजून देतात. तेव्हा 'त्यात पाचक द्रव्य आहे म्हणून गुण येतो' हे सोपे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. विज्ञानाचा आधार घ्यावयाचा तर तो नीट घ्यावा.

सांभाळण्याच्या गोष्टी

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज घातक आहे. काही गोष्टी घरात लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

बर्बेरीन असलेली औषधे नवजात बाळाला देऊ नयेत, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईनेही घेऊ नयेत. नवजात बाळाची कावीळ त्याने विकोपाला जाऊ शकते. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असते त्यांना भय अधिक. सिंगापूरने याच कारणासाठी १९७८ मध्ये हुआंगल्यानवर बंदी घातली होती. ती २०१३ मध्ये उठवली, पण बाळांविषयीचा इशारा कायम आहे.

मोड आलेल्या जवाचे औषध बाळाला पाजणाऱ्या आईने घेऊ नये. दूध आटवण्यासाठीच चीनमध्ये ते वापरतात.

मोठ्या काळ्या गोळ्या पुष्कळदा मधात वळलेल्या असतात. मधुमेही माणसाने हे लक्षात घ्यावे. एक वर्षाखालील बाळाला तर मध देऊच नये.

ह्वोश्यांगचे जे पातळ औषध 'पाणी' या नावाने मिळते, त्यात मद्यार्क भरपूर असतो. ते मुलांना देऊ नये, घेऊन मोटार चालवू नये, आणि काही प्रतिजैविकांबरोबर घेतल्यास जीव घाबरा होतो. त्याचाच बिनमद्याचा प्रकारही मिळतो.

जेष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. आपल्या बेटावर रक्तदाब घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

नावांचा घोटाळा सर्वांत वाईट. मू-श्यांग म्हणजे कोष्ठ. पण 'छिंग मू-श्यांग' ही अगदी निराळी वनस्पती, आणि तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे कायमची निकामी करते. चीननेच २००४ मध्ये तिचा वापर बंद केला. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरविण्याच्या औषधात अशाच नामसाधर्म्याने चुकीची मुळी पडली, आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली.

नामांकित वेष्टनही पुरेसे नाही. 'पो चाय' गोळ्यांचा जन्म फोशान शहरात १८९६ मध्ये झाला, आणि त्या जगभर गेल्या. २०१० मध्ये हाँगकाँगमध्ये त्याच नावाच्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामीन आणि फिनॉल्फ्थॅलीन ही रसायने आढळली. झाडपाल्याच्या औषधात त्यांचे काही काम नव्हते, आणि माल परत मागवावा लागला. म्हणून ज्या पुडीवर घटकांची नावे, प्रमाण, बनविणाऱ्याचे नाव आणि मुदत लिहिलेली नाही, ती विकत घेऊ नये. सल्ला हवा तर नोंदणी झालेल्या वैद्याकडेच जावे. आपल्या देशात पारंपरिक वैद्यकासाठी १९८९ पासून कायदा आहे.

पुडीचे काम कोठे संपते

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुलाबाने माणूस दगावतो तो अंगातील पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ते पाणी कोणतीही मुळी परत आणीत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजावयास लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. एवढे बळ साध्या पाण्यात आहे.

औषध-दुकानात मिळणारी क्षारांची पुडी घरात नेहमी असावी. ती नसेल तेव्हा १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून, घोट घोट पाजावे. मीठ जास्त पडू देऊ नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळीही देतात; ती डॉक्टरांना विचारून द्यावी.

शौचात रक्त दिसले, ताप चढला, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल सुस्त पडले किंवा पाणी पोटात ठरेना, तर ओवा, आयापाना आणि चिनी कुपी तिन्ही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. पोट एकाच जागी सतत दुखत असेल तरी तेच करावे. 'आज रात्र पाहू, सकाळी नेऊ' यातच मुले हातची जातात.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी घरातील औषधांचे कपाट उघडावे. ज्या कुपीवरचे अक्षर कोणालाच वाचता येत नाही, ती घेऊन आपल्या चिनी शेजाऱ्याकडे जावे आणि तिच्यात काय आहे ते विचारावे. मग मराठीत एका कागदावर लिहून कुपीला चिकटवावे: कशासाठी, किती, कोणाला द्यावयाचे नाही. ज्या शेजाऱ्याने एके काळी आपल्या आजोबांचे नाव कार्नेवर लिहिले, त्याच्या नातवाला एवढे विचारावयास संकोच कसला? आणि तो उलट विचारील, 'ओवा कशासाठी घेता?' तेव्हा आपल्यालाही उत्तर देता आले पाहिजे.